दोन डॉक्टर, चार परिचारिका आणि एकच दार : सर जोसेफ भोर यांची कहाणी

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला भोर समिती पाठ असते. सार्वजनिक आरोग्यावरच्या प्रत्येक पुस्तकात ती पहिल्या काही पानांतच येते, परीक्षेत तिच्यावर हमखास प्रश्न असतो आणि परीक्षा संपली की ती मागे पडते. ज्यांच्या नावाने ही समिती ओळखली जाते ते जोसेफ विल्यम भोर मूळचे नाशिकचे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते डॉक्टरही नव्हते. आयुष्यभर त्यांनी प्रशासन केले आणि निवृत्तीनंतर देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा असा आराखडा मांडला की, गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र आजही त्याच्याच खुणा बाळगून आहे. या आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा विचार मात्र मागेच राहिला. सरकारी विमा योजनेचे कार्ड हातात असूनही एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरणाऱ्या रुग्णाला आज त्याचीच उणीव भासते.

नाशिक ते दिल्ली

जोसेफ भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिकमध्ये एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षण पुण्यात, आधी बिशप्स हायस्कूलमध्ये आणि मग डेक्कन कॉलेजात झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. त्या काळी या सेवेत भारतीय माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. भोर यांना मद्रास प्रांत मिळाला. १९१४ ते १९१९ या काळात ते कोचीन संस्थानाचे दिवाण होते. पस्तिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाकडे एका संस्थानाचा संपूर्ण कारभार आला. शाळा, रस्ते, महसूल, दवाखाने अशी सगळीच खाती एका टेबलावर येत.

त्यांच्या पत्नी मार्गारेट या डॉक्टर होत्या. वैद्यकीय पदवी घेतलेल्या स्त्रिया त्या काळात युरोपातही कमीच होत्या.

कोचीननंतर भोर लंडनमध्ये भारताच्या उच्चायुक्त कार्यालयात गेले आणि काही काळ प्रभारी उच्चायुक्तही राहिले. १९२४ मध्ये ते दिल्लीत शिक्षण, आरोग्य आणि जमीन खात्याचे सचिव झाले. आरोग्य हा विषय त्यांच्याकडे अधिकाराने आला तो येथे. परंतु १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य प्रांतांकडे सोपवले होते, त्यामुळे केंद्राच्या हातात पैसा थोडा आणि अधिकार त्याहून थोडा होता. शिवाय प्रांतांमध्येही रुग्णालये एका खात्याकडे, तर साथी, लसीकरण आणि पाणी-स्वच्छता दुसऱ्या खात्याकडे असे. पटकीने आजारी पडलेला माणूस एका साहेबाच्या अखत्यारीत आणि ज्या विहिरीच्या पाण्याने तो आजारी पडला ती विहीर दुसऱ्या साहेबाच्या अखत्यारीत, अशी ती वाटणी होती.

पुढे भोर सायमन कमिशनचे सचिव झाले. नंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आधी उद्योग व कामगार आणि मग वाणिज्य व रेल्वे ही खाती त्यांनी सांभाळली. जपानशी कापूस आणि कापडाच्या व्यापारावरून ताण निर्माण झाला तेव्हा वाटाघाटींत भारताची बाजू त्यांच्याकडे होती, आणि १९३४ मध्ये करार झाला. सर ही पदवी त्याआधीच मिळाली होती. १९३५ मध्ये कार्यकारी मंडळातील त्यांची मुदत संपली. येथवरची कारकीर्द एका यशस्वी, सावध, फारशी लोकप्रिय नसलेल्या उच्चपदस्थ अधिकाऱ्याची आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात असे अधिकारी तळटिपेत जातात. भोरही गेले असते, पण १९४३ मध्ये त्यांना पुन्हा बोलावणे आले.

दुष्काळाच्या वर्षातली समिती

१९४३ हे साल साधे नव्हते. महायुद्ध सुरू होते. बंगालमध्ये दुष्काळाने आणि त्यामागून आलेल्या मलेरिया, पटकी, देवीच्या साथींनी लाखो माणसे मरत होती. आदल्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल निघाला होता आणि युद्धानंतरचे जग कसे असावे याची चर्चा सर्वत्र होती. त्या ऑक्टोबरमध्ये भारत सरकारने आरोग्य सर्वेक्षण आणि विकास समिती नेमली आणि अध्यक्षपद पासष्टीच्या भोर यांच्याकडे दिले.

समितीत नामवंत डॉक्टर होते. कोलकात्याचे बिधानचंद्र रॉय आणि मद्रासचे लक्ष्मणस्वामी मुदलियार ही त्यांतील दोन मोठी नावे. कामगार चळवळीतील ज्येष्ठ नेते, मूळचे कोकणातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी हेही सदस्य होते. कामगारांच्या चाळीतले आजारपण त्यांनी जवळून पाहिले होते. कामासाठी पाच उपसमित्या केल्या: सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय उपचार, वैद्यकीय शिक्षण, संशोधन आणि औद्योगिक आरोग्य. अमेरिकेतून वैद्यकशास्त्राचे इतिहासकार हेन्री सिगरिस्ट आणि इंग्लंडमधून जॉन राईल, जॅनेट व्हॉन यांच्यासारखे तज्ज्ञ सल्ल्यासाठी आले. समितीने प्रांत फिरून पाहिले, आकडे गोळा केले. १९४६ मध्ये चार खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

अहवालाचा पहिला खंड म्हणजे देशाच्या प्रकृतीचा केसपेपर आहे. जिवंत जन्मलेल्या हजार बालकांपैकी १६२ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आतच होते. सुमारे ६ हजार लोकांमागे एक डॉक्टर, ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका. हजार लोकसंख्येमागे रुग्णालयातील खाटा पाव खाटेहूनही कमी, तर इंग्लंडमध्ये तेव्हा सातहून अधिक. डॉक्टर बहुतेक शहरांत आणि लोक बहुतेक खेड्यांत.

एक आकडा या सगळ्यांहून बोलका आहे. समितीने दोन दवाखान्यांत डॉक्टर प्रत्येक रुग्णाला किती वेळ देतो हे पाहिले. एका ठिकाणी सरासरी ४८ सेकंद निघाले, दुसऱ्या ठिकाणी सुमारे एक मिनिट. दवाखाना उघडा होता, डॉक्टर हजर होता, औषधही दिले जात होते. सरकारी नोंदीत हा रुग्ण उपचार मिळालेला म्हणून मोजला जात होता. पण ४८ सेकंदांत त्याला कोणी ओळखत नव्हते, मागच्या वेळी काय झाले हे विचारत नव्हते आणि घरी आणखी कोण खोकते आहे हेही विचारत नव्हते. उपचाराची संख्या मोजणे आणि माणसाची काळजी घेणे यांतला फरक समितीने घड्याळ लावून मोजला होता.

एका दाराची कल्पना

या दुखण्यावर भोर समितीने सुचवलेला उपाय तीन ओळींत सांगता येतो. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत. आजार टाळण्याचे काम आणि आजार बरा करण्याचे काम एकाच हाताखाली असावे. आणि हे काम माणसाच्या घराच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावे.

त्यासाठी मांडलेले एकक म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. सुरुवातीच्या टप्प्यात ४० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र. त्यात दोन डॉक्टर, सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या चार परिचारिका, एक रुग्णालयीन परिचारिका, चार मिडवाइफ, चार प्रशिक्षित दाई, दोन स्वच्छता निरीक्षक, दोन आरोग्य सहायक, एक औषधनिर्माता आणि इतर कर्मचारी. या यादीत डॉक्टर दोनच आहेत आणि घरोघर जाणारी माणसे कितीतरी जास्त. बाळंतपण करणारी, लस देणारी, विहीर तपासणारी आणि ताप पाहणारी माणसे एकाच छताखाली आणि एकाच प्रमुखाच्या हाताखाली असणार होती. गावागावात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, असेही समितीने सुचवले.

तीस-चाळीस वर्षांनंतरचे चित्र याहून मोठे होते. ३० लाख लोकसंख्येचा जिल्हा धरून दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्याच्या वर ६५० खाटांचे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे. खालून आलेला रुग्ण वर जाणार, आणि तेथील उपचार संपले की खालच्या डॉक्टरकडे परतणार. वरच्या रुग्णालयातील तज्ज्ञांचे मार्गदर्शनही खालपर्यंत पोहोचणार. डॉक्टरही याच नजरेने घडावा म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला तीन महिने सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्राचे शिक्षण द्यावे, असे अहवाल सांगतो.

रेल्वे खाते सांभाळलेल्या माणसाच्या अहवालात ही रचना असावी हा योगायोग असेल, पण उदाहरण म्हणून रेल्वे येथे सोयीची आहे. मनमाडहून निघालेले पार्सल गाड्या बदलत कितीही दूर जावो, त्याची पावती त्याच्याबरोबर जाते. प्रत्येक स्टेशनवर ते नव्याने जन्माला येत नाही. भोर समितीच्या आराखड्यात रुग्णाचा प्रवास असाच होता.

आराखड्यात दोषही होते. अभ्यासक्रम छोटा असलेल्या, लायसेन्शिएट म्हणवल्या जाणाऱ्या डॉक्टरांची घडण बंद करून एकच पदवीधर डॉक्टर ठेवावा, या शिफारशीला काही सदस्यांनी विरोध नोंदवला. खेड्यांत जायला तयार असलेला वर्ग त्यामुळे कमी होईल, ही त्यांची भीती निराधार ठरली नाही. वैद्य आणि हकिमांना या रचनेत कुठे बसवायचे, हा प्रश्न समितीने प्रांतांवर सोडला. खर्चाची अपेक्षाही मोठी होती. केंद्र आणि प्रांतांनी एकूण खर्चाच्या किमान १५ टक्के आरोग्यावर खर्च करावेत, असे समितीचे म्हणणे होते. स्वतंत्र भारत त्या आकड्याच्या जवळपासही कधी गेला नाही.

विमा की सेवा?

याच काळात दुसरा एक विचार शेजारच्या टेबलावर आकार घेत होता. प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे १९४३ मध्ये कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना करण्याचे काम आले आणि १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. मालक आणि कामगार यांनी वर्गणी भरायची, त्या निधीतून आजारपणात उपचार आणि पगाराची भरपाई मिळायची. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत ईएसआय योजना सुरू झाली.

भोर समितीनेही विम्याचा विचार केला होता. पण ज्या देशात बहुसंख्य लोकांच्या हातात वर्गणी भरण्याइतकाही पैसा नाही, तेथे सगळ्यांची सेवा विम्यावर उभी करता येणार नाही, या निष्कर्षावर ती आली. आधी करातून चालणारी, सर्वांना खुली सेवा उभी करायची, हा तिचा क्रम होता. या दोन विचारांत भांडण नव्हते. कामगार नेते जोशी समितीत होतेच. विमा हा उपचाराचे पैसे कोण भरणार याचे उत्तर देतो. उपचारानंतर रुग्ण कोणाचा, हे मात्र तो सांगत नाही. त्याचे उत्तर सेवेच्या रचनेतच शोधावे लागते.

आराखड्याचे पुढे काय झाले

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. ४० हजारांऐवजी संपूर्ण विकास गटाला, म्हणजे साठ हजार ते लाखभर लोकांना एक केंद्र मिळाले. माणसेही आराखड्यापेक्षा कितीतरी कमी.

त्याहून खोल बदल दुसराच झाला. १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, मग कुष्ठरोगाचा, मग क्षयाचा आणि देवी निर्मूलनाचा. कुटुंब नियोजन आधीच सुरू होते. प्रत्येक कार्यक्रमाचे आपले कर्मचारी, आपली वाहने, आपले तक्ते. या कार्यक्रमांनी मोठी कामे केली. देवीचा रोग देशातून गेला. पण एकाच घराच्या उंबऱ्यावर आज मलेरियावाला, उद्या कुटुंब नियोजनवाला आणि परवा क्षयवाला येऊ लागला. घर एक, पण संपूर्ण घर कोणाकडेच नाही. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने हे ओळखून सर्व कामे करणारा बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी सुचवला. म्हणजे भोर समितीने जे जोडून दिले होते ते विस्कटून, पुन्हा जोडायला सव्वीस-सत्तावीस वर्षे लागली.

भोर यांचे १५ ऑगस्ट १९६० रोजी निधन झाले. त्याच सुमारास त्यांच्या समितीतील सहकारी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील नवी समिती आधीच्या आराखड्याचे काय झाले याचा आढावा घेत होती. १९६२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालातही आरोग्य केंद्रांतील त्रुटी पुष्कळ निघाल्या.

क्रांती चौकातून दिसणारे चित्र

भोर समितीने पाहणी केली ती ब्रिटिश इंडियाची. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे औरंगाबाद तिच्या नकाशावरच नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि त्याचे रुग्णालय घाटी या नावाने मराठवाड्याच्या घराघरांत पोहोचले. आराखडा येथे उशिरा आला. पण त्यातून जो धागा सुटला, तो सुटलेला पाहायचा तर आजचे छत्रपती संभाजीनगर हे योग्य ठिकाण आहे.

जालना रोडवरचा क्रांती चौक पूर्वी काला चबुतरा म्हणून ओळखला जाई. १८५७ च्या उठावात सामील झालेल्यांना येथे मृत्युदंड दिला गेला, म्हणून तो क्रांती चौक. आता तेथे छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे आणि शहरातले मोठे मोर्चे येथूनच निघतात. या चौकातून पैठण गेटमार्गे जुन्या शहरातून घाटीकडे जाता येते. जालना रोडने सरळ गेले तर चिकलठाणा, जेथे मिनी घाटी म्हणून ओळखले जाणारे जिल्हा रुग्णालय आहे. उस्मानपुऱ्याकडून रेल्वे स्टेशनकडे. वाटेत खासगी रुग्णालये, तपासणी केंद्रे, औषधांची दुकाने. जालना, बीड, परभणी, बुलडाण्याकडून आलेला रुग्ण हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एक्स-रे घेऊन यांपैकी एका रस्त्याला लागतो.

त्याच्यासाठी ही सगळी रुग्णालये म्हणजे सरकार किंवा डॉक्टर. प्रत्यक्षात प्रत्येक दार वेगळ्या घराचे आहे. घाटी वैद्यकीय शिक्षण खात्याची. मिनी घाटी आणि गावाकडची आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य खात्याची. शहरातल्या वस्त्यांतले दवाखाने महापालिकेचे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतील कामगार ईएसआयचा. त्याचा पगार ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो कालांतराने या योजनेतूनही बाहेर पडतो. २०१७ पासून ही मर्यादा महिना २१ हजार रुपये ठेवण्यात आली. पगार वाढल्याचा आनंद होतो आणि नेहमीचा दवाखाना सुटतो.

या सगळ्यांवर विमा योजनेचे कार्ड आले. राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ची. दोन्ही योजना एकत्र आल्या आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ज्या शस्त्रक्रियेसाठी पूर्वी शेत किंवा दागिने विकावे लागत, ती आता पैसे न भरता होते. ही लहान गोष्ट नाही. भोर समितीच्या पहिल्या तत्त्वाच्या दिशेने, म्हणजे पैशाअभावी उपचार अडू नयेत या दिशेने, हे मोठे पाऊल आहे.

पण योजना पैसे देते ते ठरलेल्या उपचारांचे. यादीतला आजार, यादीतली प्रक्रिया, ठरलेला दर. बाह्यरुग्ण तपासणी, म्हणजे रोजची ओपीडी, त्यात नाही. आयुष्मान योजनेत दाखल होण्याआधीचे तीन आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले असतात. राज्याच्या योजनेत पाठपुराव्याचे १२१ उपचारही घेतले गेले, ही त्यातल्या त्यात शहाणी तरतूद. एरवी सोळाव्या दिवसापासून रुग्ण कोणाचा, याचे उत्तर कार्डावर छापलेले नसते.

प्रत्येकाने आपले काम चोख केले

समजा, गंगापूर तालुक्यातल्या पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याला मधुमेह आणि रक्तदाब आहे. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात. कापूस वेचणीच्या दिवसांत जाणे होत नाही, तेव्हा तो तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडून वेगळ्या कंपनीच्या गोळ्या घेतो. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेतो. एके दिवशी छातीत कळ येते. शहरात योजनेतून अँजिओप्लास्टी होते, स्टेंट बसतो आणि चौथ्या दिवशी तो घरी जातो.

येथपर्यंत प्रत्येकाने आपापले काम चोख केले आहे. अडचण पुढे आहे. स्टेंटनंतर रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या अनेक महिने, कधी वर्षभर, न चुकता घ्याव्या लागतात. त्या मध्येच सुटल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. गोळ्या संपल्यावर हे त्याला सांगणार कोण? आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद पाहिलेला नाही. हृदयाच्या डॉक्टरला गुडघ्याच्या गोळ्यांची कल्पना नाही. नेहमी घेतली जाणारी अनेक वेदनाशामके रक्तदाब वाढवतात आणि मधुमेहाने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर ताण टाकतात. जुन्या आणि नव्या गोळ्यांत एकच औषध दोन नावांनी आले, तर मात्रा दुप्पट होते. दोन वर्षांनी क्रिएटिनिन वाढते आणि तो तिसऱ्या रुग्णालयात डायलिसिसला लागतो. योजना त्याचेही पैसे भरते.

हिशेब येथे उलटा दिसतो. महिन्याकाठी थोड्या पैशांच्या गोळ्या, नियमित रक्तदाब, वर्षातून दोन-तीनदा लघवी आणि रक्ताची तपासणी यांनी जे टळण्याची शक्यता होती, त्यासाठी आठवड्याला दोन-तीन डायलिसिस करावे लागतात. गोळ्यांचे काम एका खात्याचे, डायलिसिसचे पैसे दुसऱ्या योजनेचे. एकीने आपले काम नीट केले तर दुसरीचा खर्च वाचतो, पण दोघींची वही एक नाही.

क्षयरोगाचेही तसेच. मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो आणि साखर आटोक्यात नसेल तर क्षयाचे उपचारही अवघड जातात. क्षयाच्या नोंदवहीतला रुग्ण आणि मधुमेहाच्या नोंदवहीतला रुग्ण हा एकच माणूस आहे, हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. भोर समितीच्या केंद्रात ते आपोआप आले असते, कारण दोन्ही वह्या एकाच टेबलावर असत्या.

धागा जोडायचा तर

व्यवस्थेच्या पातळीवर काही पावले पडत आहेत. आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रांत आता रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांची तपासणी होते. आयुष्मान आरोग्य मंदिर हे त्यांचेच नवे नाव. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चौदा अंकी आभा क्रमांकाला रुग्णाच्या नोंदी जोडल्या जाऊ लागल्या आहेत. मात्र क्रमांक ही फक्त जागा आहे. रुग्णालयाने डिस्चार्जची नोंद तेथे ठेवली आणि गावच्या डॉक्टरने ती उघडून वाचली, तरच तो धागा होतो. विमा योजनेतून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाची माहिती त्याच्या आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवणे, आणि त्यानंतरच्या भेटींचा खर्चही योजनेत धरणे, यासाठी नवी रुग्णालये लागत नाहीत. लागते ती खात्यांमधली भिंत ओलांडण्याची तयारी, आणि १९४६ मध्ये मांडलेला एकाच आरोग्य खात्याचा आग्रह तोच होता.

तोवर रुग्णाच्या घरच्यांना काही गोष्टी करता येतात. सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेली एकच फाइल ठेवावी; पिशवी बदलली तरी फाइल बदलू नये. डिस्चार्ज कार्डाचा आणि शेवटच्या तपासण्यांचा फोटो मोबाइलमध्ये असावा. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाच्या नावासह, एका कागदावर लिहून घ्यावी आणि कोणत्याही डॉक्टरसमोर तो कागद आधी ठेवावा. रुग्णालय सोडताना आरोग्यमित्राला दोन प्रश्न विचारावेत: पुढची तपासणी कधी आणि ती योजनेत बसते का? घरी आल्यावर आठवड्याभरात जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन कागद दाखवावेत, दुखत नसले तरी. हृदयाच्या गोळ्या दात काढायचा म्हणून किंवा बरे वाटते म्हणून स्वतःहून थांबवू नयेत. ज्या डॉक्टरने दिल्या त्याला विचारावे. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दुकानातून परस्पर वेदनाशामक घेऊ नये.

यातले बरेचसे काम भोर समितीने घरोघर जाणाऱ्या चार परिचारिकांकडे दिले होते. आज ते बहुतेक घरांत मुलगी, सून किंवा बायको करते आहे, पगाराशिवाय आणि शिक्षणाशिवाय. गावात आशा ताई आहेत, उपकेंद्रात परिचारिका आहे. शहरातून आलेला डिस्चार्जचा कागद त्यांच्या हातात पोहोचला, तर त्यांना तो वाचता येतो आणि गोळ्या संपायच्या आधी दार वाजवता येते.